तुमचे प्रश्न, प्रवासाचे : एका दिवसात पॉम्पेई

गेल्या अंकात इटलीबद्दल प्रश्न मागवले होते. रोम आणि व्हेनिसचीच पत्रं जास्त येतील असं वाटलं होतं, पण गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं पॉम्पेईची, म्हणजे व्हेसुव्हियस ज्वालामुखीने गाडलेल्या त्या जुन्या रोमन गावाची. म्हणून या वेळचं सदर त्या एका गावाला आणि त्याच्या शेजाऱ्यांना देऊन टाकते. मी बरीच वर्षं गट घेऊन तिकडे जाते आहे, तेव्हा उत्तरांत माझी मतं येणारच. पटली नाहीत तर खुशाल लिहा.

प्रश्न : ताई, मुलगी नोकरीनिमित्त रोमला असते. सप्टेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. एका एजंटाने एका दिवसाची बस-सहल सुचवली आहे. सकाळी रोमहून निघून पॉम्पेई, मग व्हेसुव्हियसचं तोंड, मग अमाल्फीचा किनारा आणि रात्री परत. यांचे गुडघे दुखतात. झेपेल का?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : झेपेल, पण बसच्या खिडकीशिवाय काही दिसणार नाही. रोमहून पॉम्पेईला बसने जायला तीन तास, यायला तीन. उरलेल्या वेळाचे तीन तुकडे करायचे म्हटल्यावर पॉम्पेईच्या वाट्याला दीड-दोन तास येतात. अहो, ते गाव 66 हेक्टरांचं आहे, आणि त्यातला दोन-तृतीयांश भाग खणून मोकळा झालाय. दीड तासात गाइड छत्री उंच धरून पुढे पळते, आणि मागचे लोक तिला शोधत पळतात.

अमाल्फी काढून टाका. तो किनारा एक मुक्काम मागतो. व्हेसुव्हियसही काढा, निदान यांच्यासाठी. बस साधारण हजार मीटर उंचीपर्यंत नेते. पुढे 1,281 मीटरच्या त्या डोंगराच्या तोंडापर्यंत भुसभुशीत राखेच्या, खड्यांच्या चढावरून पायीच जायचं. चढताना दम लागतो एवढंच, खरा त्रास उतरताना. पाय घसरतो आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. शिवाय त्याचं तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं. वर जाऊन खिडकी शोधणारे दरवेळी दिसतात. डोंगर बघायचाच असेल तर पॉम्पेईच्या मुख्य चौकातून, म्हणजे फोरममधून, तो समोर उभा असतो.

बस सोडा आणि आगगाडीने जा. रोमच्या तेर्मिनी स्थानकावरून नेपल्सला जलद गाडी सव्वा तासात पोचते. नेपल्स चेंत्राले स्थानकातच खाली उतरलात की गारिबाल्दीहून सर्कमव्हेसुव्हियाना ही लोकल सुटते. सोर्रेन्तोच्या दिशेची गाडी घ्या. एक दुसरी लाइन पोज्जोमारिनोकडे जाते, तिच्यावरही पॉम्पेई नावाचं स्थानक आहे, पण ते गावातल्या मोठ्या चर्चजवळचं. तुम्हाला उतरायचंय ते ‘पॉम्पेई स्काव्ही – व्हिला देई मिस्तेरी’ इथे. पाऊण तासाच्या आत पोचता. स्थानकाबाहेर आलात की पोर्ता मारिना हे प्रवेशद्वार अगदी लागून आहे. वाटेत ‘तिकीट इथे, तिकीट इथे’ म्हणणारे भेटतील. त्यांच्याकडे न बघता सरळ दारापर्यंत चाला. लोकलमध्ये गर्दी असते, पर्स पुढे घ्या.

तिकीट आधी काढा. 2024 च्या नोव्हेंबरपासून दिवसाला 20,000 माणसांची मर्यादा घातली आहे आणि तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं, म्हणून पासपोर्ट जवळ हवा. सप्टेंबर म्हणजे उन्हाळी वेळापत्रक. त्यात सकाळचे आणि दुपारचे प्रवेश वेगळे धरतात. सकाळचाच घ्या, दार नऊला उघडतं. महिन्याचा पहिला रविवार फुकट असतो, त्या दिवशी जाऊ नका. पाठीवरची मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत. 30 बाय 30 बाय 15 सेंटीमीटरपेक्षा मोठं काहीही दारातल्या सामानघरात ठेवावं लागतं. पाण्याची बाटली मात्र घ्याच. आत जुन्या दगडी हौदांना नवे नळ बसवलेत, पाणी पिण्याचं आहे, भरत राहायचं. सावली फारच थोडी. टोपी विसरलात तर अकरा वाजता माझी आठवण येईल.

आता गुडघे. पॉम्पेईचे रस्ते लाव्हाच्या मोठाल्या काळ्या दगडांचे. वापराने गुळगुळीत झालेले, आणि दोन दगडांमध्ये बोटभर फटी. पोर्ता मारिनातून आत जाताना चढ आहे, तोही असाच. त्यापेक्षा दुसऱ्या टोकाच्या पियाझ्झा आन्फितेआत्रो या दाराने जा. तिथून चाकाच्या खुर्चीलाही जाता येईल असा तीन किलोमीटरांहून लांब मार्ग आखला आहे. तो सगळा चालायची गरज नाही. जिथे पाय थकतील तिथून परत फिरा. आणि हेही जड वाटलं तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : आमचं क्रूझ जहाज सकाळी नेपल्सला लागतं आणि संध्याकाळी सुटतं. पॉम्पेई करावं की हर्क्युलेनियम? दोन्ही एकाच दिवशी, एकाच ज्वालामुखीने गाडली गेली ना? मग फरक काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्यासाठी हर्क्युलेनियम. जहाज सुटायची वेळ डोक्यावर असली की माणूस पॉम्पेईत नीट चालतच नाही. हर्क्युलेनियम चार-साडेचार हेक्टरांचंच उघडं आहे, अडीच तासांत मनासारखं बघून होतं. बंदराजवळच्या म्युनिचीपिओहून मेट्रोने गारिबाल्दी, तिथून तीच सोर्रेन्तोची लोकल, आणि एर्कोलानो स्काव्हीला उतरून समुद्राच्या दिशेने उताराचा एकच सरळ रस्ता. येताना तो चढायचा आहे, हे धरून निघा.

फरक मात्र मोठा आहे, आणि तो वाऱ्यामुळे पडला. इसवी सन 79 मध्ये दुपारी एकच्या सुमाराला डोंगरावर ढग उठला. उपसागराच्या पलीकडे मिसेनमला सतरा वर्षांचा धाकटा प्लिनी होता. त्याने पुढे तासितस या इतिहासकाराला लिहिलेल्या पत्रात त्या ढगाला पाइनच्या झाडाची उपमा दिली. तिकडचा पाइन उंच सरळ खोडाचा आणि वर छत्री पसरलेला असतो. आजही तिथे जागोजागी तो दिसतो आणि प्लिनीला काय म्हणायचं होतं ते एका नजरेत कळतं. वारा आग्नेयेला वाहत होता, पॉम्पेई नेमकं त्याच बाजूला. तिथे तासन्‌तास हलका सच्छिद्र दगड, म्हणजे प्युमिस, पडत राहिला. थर वाढला, छपरं बसली. पुष्कळ लोक तोवर निघून गेले होते. जे राहिले त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी आलेल्या तप्त वायू आणि राखेच्या लोटांनी गाठलं.

हर्क्युलेनियम पश्चिमेला. तिथे दिवसभर जवळजवळ काहीच पडलं नाही. मध्यरात्रीनंतर मात्र डोंगरावरून तो लोट थेट खाली आला आणि गाव वीस मीटर खोल गाडून टाकलं. उष्णता भयंकर आणि हवा शिरायला जागा नाही. त्यामुळे लाकूड जळून राख झालं नाही, त्याचा कोळसा होऊन ते तसंच राहिलं. म्हणून हर्क्युलेनियममध्ये तुळया दिसतात, जिने दिसतात, वरचे मजले दिसतात. एका घरात दिवाणखान्याचं लाकडी सरकतं पार्टिशन आहे, काळं पडलेलं, पण उभं. माझ्या गटातले लोक राजवाडे बघून जेवढे थांबत नाहीत तेवढे त्या पार्टिशनपुढे थांबतात.

आत शिरताना तुम्ही वरच्या आजच्या गावातून खाली बघता. खाली जुनं गाव आणि त्याच्या डोक्याच्या पातळीवर दोरीवर वाळत घातलेले कपडे. खालच्या टोकाला दगडी कमानींची रांग आहे, त्या होड्या ठेवायच्या खोल्या. तेव्हा समुद्र तिथपर्यंत होता. तिथे पळून आलेल्या तीनशेच्या आसपास माणसांचे सांगाडे 1980 नंतर सापडले. त्याआधी वर्षानुवर्षं सगळे म्हणायचे की इथले लोक वाचले, कारण गावात सांगाडे फारसे मिळत नव्हते. मन हळवं असेल तर ती रांग शेवटी बघा.

प्रश्न : आमचे हे म्हणतात, “पडक्या भिंती बघायला एवढे पैसे?” मला जायचंय. त्यांना काय सांगू? आणि खरंच, बघायचं काय असतं तिथे?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : त्यांना काही सांगू नका, घेऊन जा. आणि भिंतींपासून सुरुवात करू नका, रस्त्यापासून करा.

व्हिया देल्ल’आब्बोन्दान्झा हा गावचा मुख्य बाजाररस्ता. फोरमपासून पार सार्नो वेशीपर्यंत सरळ जातो. त्यावर खाली मान घालून चाला. दगडांत गाड्यांच्या चाकोऱ्या कोरल्यासारख्या उतरल्या आहेत, काही ठिकाणी चांगल्या खोल. मध्येच रस्त्यात उंच दगड ओळीने ठेवलेले दिसतील. ते पायी चालणाऱ्यांसाठी. हौदांचं पाणी अहोरात्र वाहून रस्त्यावर यायचं, त्यात जनावरांची घाण, घराघरांतला कचरा. एका फूटपाथवरून दुसऱ्यावर कोरड्या पायाने जायला हे दगड. दोन दगडांतली जागा मात्र गाडीचं चाक बरोबर जाईल एवढी. चाकोऱ्या आणि कोपऱ्यांवरचे घासलेले दगड तपासून अभ्यासकांनी कोणता रस्ता एकेरी होता तेही काढलं आहे. यांना गाडी चालवायची आवड असेल तर इथेच अर्धा तास जाईल. माझ्या अनुभवाने नवरे इथेच वळतात.

मग हौद बघा. तोटीसाठी कोरलेल्या दगडी चेहऱ्याशेजारी कठड्यावर एक खळगा दिसतो. वाकून पाणी पिताना लोक जिथे हाताचा तळवा टेकायचे तिथे दगड झिजलाय. स्वतःचा हात ठेवून बघा, बसतो. फूटपाथच्या कडेला दगडात आरपार भोकं आहेत, जनावरं बांधायला. आणि दगडांमध्ये पांढऱ्या खड्यांचे ठिपके आहेत. रात्री चांदण्यात किंवा दिव्यात ते चमकावेत म्हणून बसवले, असं मानतात.

खानावळी तर पावलोपावली. दगडी ओटा आणि त्यात पुरलेले रांजण. 2020 च्या अखेरीस एक अशी खानावळ पूर्ण मोकळी झाली, पाचव्या विभागात, आणि पुढच्या वर्षापासून ती बघायला खुली आहे. ओट्यावर रंगवलेली बदकं, कोंबडा, गळ्यात पट्टा असलेला कुत्रा. रंग असे की काल सुकले. रांजणांत बदक, डुक्कर, बकरी, मासे आणि गोगलगाई यांचे अवशेष मिळाले. दारूच्या रांजणाच्या तळाशी दळलेला घेवडा होता. दारूचा रंग आणि चव सुधारायला तो घालत. बेकऱ्या तीसहून जास्त सापडल्या आहेत. लाव्हाच्या दगडाची कमरेएवढी जाती, गाढव जुंपून फिरवायची, आणि मागे भट्टी. मोदेस्तुसच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेकरीच्या भट्टीत 81 पाव कोळसा होऊन तसेच होते. त्या दिवशी भट्टीत घातलेले, कुणी काढलेच नाहीत.

आणि मग भिंती. आता बघा त्यांच्याकडे. निवडणुकीचा प्रचार रंगाने भिंतींवर लिहायचे, अशा दोन हजारांहून जास्त घोषणा मिळाल्या आहेत. अमक्याला निवडा, भला माणूस आहे. फळवाले पाठिंबा देतात, खेचरवाले देतात. आसेल्लीना नावाच्या बाईच्या खानावळीच्या भिंतीवर तिच्याकडच्या बायकांची नावं पाठिंबा देणाऱ्यांत आहेत. बायकांना मताचा अधिकार नव्हता, म्हणून काय झालं! मला सगळ्यांत आवडते ती व्हातिया नावाच्या उमेदवाराची घोषणा. ‘रात्री उशिरापर्यंत पिणारे आम्ही सगळे व्हातियाला निवडा असं सांगतो.’ विरोधकांनी लिहिली की त्याच्याच दोस्तांनी, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. माझं मत विरोधकांकडे.

एवढं झालं की फाउनचं घर, वेत्तींचं घर, सार्वजनिक स्नानगृह हे बघा. आधी तेच बघितलं तर ते फक्त श्रीमंतांची घरं वाटतात. वेत्ती हे दोघे मूळचे गुलाम होते असं मानतात. सुटका झाल्यावर वाइनच्या व्यापारात त्यांनी एवढा पैसा केला, आणि तो पाहुण्यांना दिसावा अशी पूर्ण सोय करून ठेवली. अंगणातच, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडतील अशा, तिजोऱ्या.

प्रश्न : तिथे दगड झालेली माणसं आहेत म्हणे. ती खरी माणसं असतात का? आई मुलाला कवटाळून बसलेली आहे तो फोटो बघून झोप लागली नाही.
— एक वाचिका, लातूर

उत्तर : माणसं दगड झालेली नाहीत. राख अंगाभोवती बसली आणि घट्ट झाली. आतलं शरीर कुजून गेलं, तशी राखेत त्या माणसाच्या आकाराची पोकळी राहिली. जुसेप्पे फिओरेल्ली हे उत्खननप्रमुख होते. 1863 मध्ये त्यांनी पोकळी लागली की खणणं थांबवून आत पातळ प्लास्टर ओतायची पद्धत बसवली. प्लास्टर सुकल्यावर राख फोडायची. वस्त्रांच्या चुण्या, सँडलचे पट्टे, सगळं उमटतं. हाडं मात्र खरी, ती प्लास्टरच्या आतच असतात. म्हणून तिथे गेल्यावर मोठ्याने हसणाऱ्यांना आणि शेजारी उभं राहून सेल्फी घेणाऱ्यांना मी अडवते. सगळ्यांना आवडत नाही.

तुम्ही पाहिलेला फोटो सोन्याच्या कड्याच्या घरातला असावा. मोठं माणूस, हातात जड सोन्याचं कडं आणि मांडीवर मूल. कडं म्हणजे बाई आणि मूल म्हणजे आई, असं सगळ्यांनी धरलं. 2024 मध्ये त्या हाडांतला डीएनए तपासला गेला. तो पुरुष निघाला, आणि मुलाचं त्याच्याशी रक्ताचं नातं नव्हतं. काही गाइड अजून आईचीच गोष्ट सांगतात, कारण ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. मला तर खरी गोष्ट जास्त लागते. कोण होता, कुणाचं मूल उचलून घेतलं होतं त्याने? फरारी लोकांची बाग म्हणून एक जागा आहे, तिथे तेरा जण जिथे पडले तिथेच ठेवले आहेत. ती बघावी की टाळावी हे आधी ठरवून जा.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा आहे. तिथे अश्लील चित्रं असतात असं ऐकलं. न्यावं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : न्या. अठराखालच्यांना तिकीटही लागत नाही, फक्त वयाचा पुरावा ठेवा. वेश्यागृहाची गल्ली वेगळी आहे, तिकडे वळायचं नाही की संपलं. पण वेत्तींच्या घराच्या दारातच प्रियापस देव आहे. तराजूच्या एका पारड्यात पैशांची थैली आणि दुसऱ्यात तो स्वतःचं काय तोलतो आहे ते मुलाला तुमच्याआधी दिसेल. त्या लोकांना ते भरभराटीचं आणि दृष्ट न लागण्याचं चिन्ह वाटायचं, एवढं शांतपणे सांगून पुढे चला. आईवडील गडबडले की मुलं जास्त बघतात. त्याला अँफिथिएटरला न्या. इसवी सनापूर्वी 70 च्या सुमाराचं, म्हणजे रोमच्या कोलोसियमच्या दीडशे वर्षं आधीचं. इसवी सन 59 मध्ये तिथे पॉम्पेई आणि शेजारच्या नुचेरियाच्या प्रेक्षकांची मारामारी होऊन माणसं मेली, आणि रोमने तिथल्या ग्लॅडिएटरांच्या झुंजींवर दहा वर्षं बंदी घातली. क्रिकेट बघणाऱ्या मुलाला यापलीकडे काही समजावावं लागत नाही.

प्रश्न : व्हेसुव्हियस पुन्हा फुटला तर?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : फुटणार कधीतरी. तो जिवंत आहे. शेवटचा उद्रेक मार्च 1944 चा. पण 1841 मध्ये स्थापन झालेली जगातली सर्वांत जुनी ज्वालामुखी वेधशाळा त्याच्यावरच नजर ठेवून आहे, आणि मोठ्या उद्रेकाआधी भूकंप, जमिनीचं फुगणं, वायूंतले बदल अशी लक्षणं दिसतात. सध्या नेपल्सकरांच्या काळजीचा विषय शहराच्या दुसऱ्या बाजूचं काम्पी फ्लेग्रेई हे दुसरं ज्वालामुखी क्षेत्र आहे. तिथली जमीन उचलते आहे आणि भूकंप होत असतात. एका दिवसासाठी जाणाऱ्याने एवढी चिंता करू नये. चिंता करायची तर डोंगराच्या धोक्याच्या पट्ट्यात घरं असलेल्या लाखो लोकांनी, आणि ते आरामात कॉफी पितात.

प्रश्न : आठवण म्हणून एखादा प्युमिसचा खडा उचलला तर चालेल का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : नाही. गुन्हा आहे. उचललेले दगड वर्षांनी पार्सलने परत पाठवणारे आणि ‘हे घेतल्यापासून घरात नुसती संकटं’ अशी पत्रं लिहिणारे लोक आहेत, पॉम्पेईच्या कचेरीकडे अशी पत्रं येत असतात. मी शापाबिपाला मानत नाही, पण पार्सलचा खर्च मानते.

प्रश्न : पॉम्पेईत लक्ष्मीची मूर्ती सापडली होती हे खरं का? ती कुठे दिसते?
— एक वाचिका, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मूर्ती सापडली हे खरं. लक्ष्मी असं पूर्वी म्हणायचे, आता अभ्यासक यक्षी म्हणतात. 1938 मध्ये अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात व्हिया देल्ल’आब्बोन्दान्झावरच्या एका घरात मिळाली. हस्तिदंताची, साधारण वीतभर उंचीची. अंगावर दागिन्यांशिवाय फारसं काही नाही, बाजूला दोन छोट्या दासी. मागची वेणी आणि पाठीवरचे दागिनेसुद्धा कोरलेले आहेत, म्हणजे ती चारी बाजूंनी बघायची वस्तू होती. डोक्यावरून खाली भोक आहे, त्यामुळे आरशाची मूठ किंवा एखाद्या फर्निचरचा पाय असावा असं मानतात. तिच्यासारख्याच हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला सापडल्या आहेत, म्हणून ती दख्खनमध्ये घडली असावी असं म्हणणारे बरेच आहेत. मात्र तळाशी खरोष्ठीतलं एक अक्षर आहे, आणि ती लिपी वायव्येकडची, त्यामुळे वाद मिटलेला नाही.

ती पॉम्पेईत शोधू नका. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, तेही ‘गुप्त दालन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोलीत, जिथे पॉम्पेईतून आणलेली शृंगारिक चित्रं आणि वस्तू ठेवल्या आहेत. तिला तिथे का बसवलंय हे मला कधीच पटलेलं नाही. फाउनच्या घरातलं अलेक्झांडरचं मूळ मोझेक, म्हणजे रंगीत खड्यांचं चित्रही याच संग्रहालयात, घरात आहे ती नक्कल. पॉम्पेईहून परतताना गारिबाल्दीला उतरून मेट्रोच्या दुसऱ्या लाइनने काव्हूर हे एकच स्थानक, आणि संग्रहालय संध्याकाळी साडेसातपर्यंत उघडं असतं. त्यामुळे दुपारी दोनला पॉम्पेईतून निघालात तर दोन्ही जमतं. मंगळवारी मात्र ते बंद असतं. तारीख ठरवताना आधी तेवढं बघा.